जेलीफिशवर लघवी? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

"मावशी, जेलीफिश चावली ना, की तिथे शू करायची. लगेच बरं होतं." सात वर्षांचा भाचा फोनवर मला विचारत नव्हता, सांगत होता. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, त्याला 'सुट्टीत मुलांना शिकवा समुद्राच्या सात थक्क करणाऱ्या गोष्टी' हा फिरत असलेला मेसेज वाचून दाखवला होता. तो मीही मागवून घेतला. सातही गोष्टी वाचून खरंच थक्क झाले.

सगळ्यात धोकादायक भाग आधी घेते. मुद्दा चौथा: 'किनाऱ्यावर मेलेली जेलीफिश दिसली तर मुलांना बिनधास्त हात लावू द्या, ती काही करत नाही, स्पर्शातून मुलं शिकतात.' मुद्दा पाचवा: 'जिवंत जेलीफिश चावलीच तर लघवी करा, नाहीतर ओली वाळू चोळून बर्फ लावा.'

पहिली गोष्ट, जेलीफिश चावत नाही, डंख करते. तिच्या लोंबत्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत विषारी सुईसारखा तंतू गुंडाळून ठेवलेला असतो. कशाचा स्पर्श झाला किंवा भोवतीच्या पाण्याची क्षारता अचानक बदलली की तो तंतू सुटतो. त्यासाठी जेलीफिशच्या हुकमाची गरज नसते. म्हणून मेलेली, वाळूत पडलेली जेलीफिशही डंख करू शकते, तिचा तुटलेला धागासुद्धा. तो थुलथुलीत पारदर्शक गोळा पोराला खेळणं वाटतो, आणि हा मेसेज म्हणतो, लावू द्या हात!

आता लघवी. कातडीला चिकटलेल्या सगळ्या पेशी एकदम सुटलेल्या नसतात. लघवी पातळ असेल तर ती गोड्या पाण्यासारखीच त्या उरलेल्या पेशींना चेतवू शकते. वाळू चोळणं तर त्याहून वाईट, रगडलं की आणखी तंतू सुटतात. बर्फाचं म्हणाल तर 'मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया'त 2006 साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ब्लूबॉटलचा डंख झालेल्या 96 जणांपैकी काहींचा दुखरा भाग 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला, बाकीच्यांना बर्फाच्या पिशव्या दिल्या. 20 मिनिटांनी गरम पाण्यातल्या 87 टक्के लोकांचं दुखणं कमी झालं होतं, बर्फवाल्यांत फक्त 33 टक्क्यांचं. (ब्लूबॉटल काटेकोरपणे जेलीफिश नाही, तिची नातलग आहे. पण किनाऱ्यावर हा फरक कोण करत बसणार.)

तेव्हा मुलाला पाण्याबाहेर काढा, चोळू नका, चिकटलेले धागे चिमट्याने उचला, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मग गरम पाणी. ते आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर घेऊन बघायचं, नाहीतर डंख बरा आणि पोर भाजलेलं. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी पडतं, काहींच्या बाबतीत तज्ज्ञांचंच एकमत नाही, म्हणून जिथे असाल तिथले जीवरक्षक सांगतील ते करा. श्वास लागला, मूल मलूल पडलं, तर थेट दवाखाना.

बाकीचे मुद्दे भराभर. 'समुद्र निळा दिसतो, कारण त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं.' 1921 साली जहाजाने परतताना सी. व्ही. रामन यांनी भूमध्य समुद्राकडे एका खास लोलकातून पाहिलं. पाण्यावरून परावर्तित होणारा आकाशाचा उजेड त्यातून गाळला गेला, तरी निळाई गेली नाही, उलट जास्त खुलली. पाणी स्वतःच तांबडा प्रकाश शोषतं, निळा मागे उरतो. ढगाळ दिवशी समुद्र करडा दिसतो, तेवढ्यापुरतं आकाशाचं म्हणणं मान्य.

'शंखात समुद्राचा आवाज साठलेला असतो.' भाच्याला म्हटलं, रिकामा पेला कानाला लाव. लावला. मग वाटी, मग डबा. आसपासचेच आवाज त्या पोकळीत घुमतात. अर्ध्या तासाने ताईचा वैतागलेला फोन आला, स्वयंपाकघरातलं एकही भांडं जागेवर नव्हतं.

'निळा देवमासा हा जगातला सर्वात मोठा मासा, तो डोक्यातून पाण्याचं कारंजं उडवतो.' इथे आपल्या भाषेनेही थोडा घोळ घातलाय, हे कबूल. देवमासा, तारामासा, दोघांच्या नावात मासा आणि मासा एकही नाही. देवमासा पिल्लाला दूध पाजतो, फुप्फुसाने श्वास घेतो. ते कारंजं म्हणजे त्याचा उच्छ्वास. माशाची शेपटी डावी-उजवी हलते, देवमाशाची वर-खाली, हे मुलांना चित्रात दाखवा, आयुष्यभर विसरणार नाहीत.

'आपला 80 टक्के ऑक्सिजन समुद्रातून येतो, माशांचे आभार माना.' मासे ऑक्सिजन वापरतात हो, देत नाहीत! यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते: पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला सुमारे निम्मा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांचा. त्यातला प्रोक्लोरोकॉकस हा जीवाणू तर इतका बारीक की 1980च्या दशकापर्यंत कुणाच्या लक्षातच आला नव्हता. पण तिथे तयार होणारा जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे.

सातवा मुद्दा तारामासा घरी आणून उन्हात वाळवायचा. तो जिवंत प्राणी असतो, वाळवला की मरतो. यावर आणखी काय बोलायचं.

शेवटी ठळक अक्षरांत: 'दहा पालकांना पाठवा.' ताईने चौदा जणांना पाठवून झालं होतं. आता ती एकेकाला फोन करतेय. तिघांनी उचलला, त्यातल्या एकीने विचारलं, "म्हणजे लघवी नाही, तर मग काय करायचं?" म्हणून हे लिहायला बसले.