पांढऱ्या पेशींचा आकडा आणि एक लाडका गैरसमज

एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो. म्हणणं थोडक्यात असं: रक्तात पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितकी प्रतिकारशक्ती दांडगी. त्या कमी पडल्या की सूज येते. पू म्हणजे रक्तातली घाण. आणि सूज दिसली की ती लगेच दाबून टाकावी.

आधी आकड्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रक्त हा या पेशींचा रस्ता आहे, कामाची जागा नव्हे. तपासणीत मोजल्या जातात त्या वाटेवरच्या पेशी. काही बाळं एक दुर्मीळ जनुकीय दोष घेऊन जन्मतात. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीच्या कितीतरी पट असतात. मजकुराच्या हिशेबाने ती सगळ्यात धडधाकट असायला हवीत. प्रत्यक्षात नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी गळत नाही, जखमा भरत नाहीत आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही.

असं का? कुठे जंतू शिरले की तिथल्या पेशी रासायनिक हाक देतात. जवळच्या बारीक शिरांच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं वर येतात. वाहत चाललेली न्यूट्रोफिल पेशी (जंतूंवर धावून जाणारी पांढऱ्या पेशींची एक जात) त्यांना अडखळते आणि भिंतीवरून घरंगळू लागते. भिंतीवरच्या केमोकाइन नावाच्या हाक देणाऱ्या रेणूंचा इशारा मिळाला की तिच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिनं ताठ होतात आणि भिंत घट्ट पकडतात. मग ती पेशी स्वतःला चेपून भिंतीतून बाहेर सरकते आणि ज्या दिशेने हाक वाढत जाते तिकडे रांगते. या बाळांमध्ये बिघडलेली असते ती नेमकी इंटिग्रिनची पकड. पेशी तयार होतात, पण उतरता येत नाही म्हणून रक्तातच फिरत राहतात. फुगलेला आकडा ही त्या अडकलेल्यांची गर्दी.

स्टेरॉइड घेतल्यावरही आकडा काही तासांत चढतो. भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात, शिवाय अस्थिमज्जेतून आणखी बाहेर पडतात. त्याने कोणी बळकट झालेलं नसतं, उलट जंतूंशी लढायची ताकद घटते.

सुजेचा दावा तर सरळ उलटा आहे. लाली, उष्णता, सूज, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवली. हिस्टामिनसारख्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, भिंती पाझरू लागतात, म्हणून तो भाग फुगतो. केमोथेरपीमुळे न्यूट्रोफिल खरोखरच संपत आलेल्या रुग्णात लाली-सूज दिसतही नाही. कधीकधी नुसता ताप येतो, आणि म्हणूनच डॉक्टर त्या तापाला तातडीची बाब मानतात.

पू ही रक्तातली घाण नव्हे. तो बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी, जंतू आणि मोडलेल्या ऊतींचा लगदा असतो. त्याची हिरवट छटा या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराची. पुवातल्या पेशी जागच्या जागी उपजतात, असं जर्मन रोगशास्त्रज्ञ विर्शोचं मत होतं. १८६७मध्ये त्याचाच शिष्य कोनहाइम याने बेडकाच्या शरीरात त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वरच्या बाळांच्या जखमांत पू जवळपास होतच नाही, आणि ते सुचिन्ह नसतं. (गळवात साठलेल्या पुवाचा निचरा मात्र करावाच लागतो, ती वेगळी गोष्ट.)

राहिली सूज दाबायची गोष्ट. यात थोडं तथ्य आहे. न्यूट्रोफिलची हत्यारं आपल्याच ऊतींनाही जाळतात. एरवी काम झालं की त्या मरतात, मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि ते गिळतानाच दुरुस्तीच्या कामाकडे वळतात. हे आवरणं जमलं नाही तर दाह रेंगाळतो, आणि तिथे औषध लागतंच.

पण पेशींची वाट सरसकट अडवण्याची किंमतही मोजावी लागते. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराच्याच पांढऱ्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतात. त्यांतल्या लिम्फोसाइट जातीच्या पेशी मेंदूत शिरू नयेत म्हणून त्यांच्या इंटिग्रिनला अडवणारं नॅटालिझुमॅब हे औषध २००४मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आजाराचे झटके कमी झाले. मात्र मोजक्या रुग्णांत, एरवी निपचित पडून असणारा जेसी विषाणू मेंदूत उसळला, आणि २००५मध्ये विक्री थांबवावी लागली. २००६मध्ये ते कडक अटींसह परतलं. आजही ते देताना रक्तात त्या विषाणूच्या अँटिबॉडी आहेत का हे तपासतात, आणि पुढे मेंदूचे एमआरआय काढत राहतात.