सुरू कधी होणार?

आमच्या घरात माझं गाणं लागलं की आई आधी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर बंद आहे ना ते बघून येते. मग दोन मिनिटं गप्प बसते आणि विचारते, "सुरू कधी होणार?" ते सुरू झालेलं असतं. कधीकधी संपत आलेलं असतं.

इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह रॉकची (म्हणजे चाकोरीबाहेरच्या रॉक संगीताची) आवड पुण्यातल्या घरात खपून जाते, फक्त ती कुणाला ऐकवायची नसते. मला ऐकवल्याशिवाय राहवत नाही. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडचा १९९१ सालचा 'लव्हलेस' अल्बम लावला तेव्हा बाबांनी उठून म्युझिक सिस्टिमच्या मागच्या वायरी हलवून बघितल्या. त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारची सूर हलवणारी ट्रेमोलोची दांडी हातात धरूनच तारा छेडतो, म्हणून सूर सतत डुलत राहतो, असं मी समजावलं.

"म्हणजे मुद्दाम?" बाबांनी विचारलं. "सूर हलवायचाच असेल तर माणसाने मींड घ्यावी. हा नुसताच झोकांड्या खातोय."

मग मी सूर सोडला आणि हिशेब काढला. रेकॉर्डिंग दोन वर्षांहून जास्त चाललं, त्यात एकोणीस स्टुडिओ झाले, अडीच लाख पौंड गेल्याचं बोललं जातं (शील्ड्सला तो आकडा मान्य नाही) आणि 'क्रिएशन रेकॉर्ड्स' कंपनी रडकुंडीला आली. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. ते खुर्चीत पुढे सरकले. "एकोणीस जागा? आणि साइटवर देखरेख कोणाची होती?" पुढचा अल्बम २०१३ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी आला, हे ऐकून तर त्यांनी चक्क मान डोलावली. गाण्याला नव्हे, मुदतवाढीला. "लेखी घेतली होती का?" एवढंच विचारलं.

आईसाठी मी जरा हळुवार माल काढला. 'बॉन इव्हेर'चा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'. त्याची जन्मकथाही घरगुती आहे. 'बॉन इव्हेर' म्हणजे जस्टिन व्हर्नन. त्याचा आधीचा बँड फुटला, प्रेम मोडलं, ग्रंथींचा ताप येऊन लिव्हरला सूज आली आणि २००६-०७च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये एकटा जाऊन राहिला. तिथेच त्याने बरीचशी गाणी रेकॉर्ड केली. इथवर आल्यावर आईने हात वर केला.

"कावीळ म्हण ना सरळ. आणि अशात एकटा? जेवणाचं काय करायचा?"

"शिकार करायचा. हरणाचं मांस."

"काविळीत?"

पुढचा अख्खा अल्बम आईने आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखा ऐकला. आजही त्याचा आवाज वरच्या पट्टीत गेला की ती पुटपुटते, "अजून अशक्तपणा आहे बघ."

टीशर्टचा ताप वेगळाच. 'जॉय डिव्हिजन'च्या 'अननोन प्लेझर्स'चं (१९७९) कव्हर माझ्या टीशर्टवर आहे, म्हणजे काळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा. पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. साहजिकच लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यात सह्याद्री दिसतो. "हरिश्चंद्रगड का गं? कोणत्या ग्रुपबरोबर गेलीस?" एकदा मी शेजारच्या काकांना सविस्तर सांगितलं, की या सीपी १९१९ नावाच्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांच्या रेघा आहेत, हा तारा १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडला, आणि आपल्या नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत ना, तिथेही पल्सारांचा अभ्यास चालतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे खोडदच्या बाजूनेच चढायचं," ते म्हणाले.

पण या सगळ्यावर कडी केली 'फ्लेमिंग लिप्स'च्या 'झायरीका'ने. ओक्लाहोमाच्या या मंडळींनी १९९७ मध्ये एका अल्बमच्या चार सीडी काढल्या. एकामागून एक ऐकायच्या नाहीत, चारही एकाच वेळी, चार प्लेअरवर लावायच्या. त्याआधी त्यांच्या गायकाने, वेन कॉइनने, पार्किंगमध्ये गाड्या जमवून प्रत्येकीत वेगळी कॅसेट वाजवण्याचे प्रयोग केले होते. मावसभावाने हा संच अमेरिकेहून आणून दिला. चार प्लेअर एक वेळ मिळतील, पण चार माणसं? तेवढे मित्र असते तर मी अशी गाणी कशाला ऐकली असती?

शेवटी घरचेच उभे केले. म्युझिक सिस्टिमवर बाबा, डीव्हीडी प्लेअरवर आई, जुन्या लॅपटॉपवर मी आणि चौथा प्लेअर घेऊन शेजारचे काका. बाबांनी सूत्रं हातात घेतली. "तीन म्हटलं की दाबायचं." तीन म्हणताना की म्हणून झाल्यावर, यावर काका आणि बाबांची बराच वेळ जुंपली. तेवढ्यात एका गाण्यातल्या ध्वनींमुळे क्वचित भोवळल्यासारखं होतं, अशी सूचना मी वाचून दाखवली. आईने आलेपाकाच्या वड्या काढून ठेवल्या. पहिल्या गाण्याचं नावच मुळी 'मला खरंच काही कळत नाही, हे कबूल करतो' अशा अर्थाचं आहे. आई म्हणाली, "बघा, त्यांनीच लिहून दिलंय."

चार प्लेअर कितीही जुळवले तरी थोडे मागेपुढे सरकतातच, आणि तेच बँडला हवं होतं. बाबांना नको होतं. "काम पहिल्यापासून!" असं म्हणत ते सारखं थांबवायचे. इकडे प्रत्येकाला आपापल्या सीडीचा अभिमान चढलेला. "माझ्यात ड्रम आला!" "माझ्यात अजून काहीच नाही हो." "तुमचा आवाज कमी करा, माझा माणूस काय म्हणतोय ते कळत नाही." एकदाचं जमलं, आणि आवाज हॉलभर असा फिरला की आई मिक्सर बघायलाही उठली नाही. तिला तिची सीडी सांभाळायची होती.

अल्बमच्या शेवटी सगळीकडून कुत्री भुंकायला लागतात. आमच्या जिन्याखालच्या कुत्र्यांनी ताबडतोब साथ दिली, मग समोरच्या सोसायटीतल्यांनी. रात्री ग्रुपवर सूचना आली, 'तिसऱ्या मजल्यावरील सदस्यांनी पाळीव श्वानांची नोंद सचिवांकडे करावी.' बाबांनी लगेच लेखी खुलासा पाठवला: सदर सदनिकेत एकही श्वान नाही. जे होते ते ओक्लाहोमा येथील असून, काम पूर्ण होताच बंद करण्यात आले आहेत.