यादीत नाव नाही म्हणजे नोंद नाही, असं कुणी सांगितलं?

सोलापूरला फोन लावला की सध्या दोन विषय हमखास निघतात. २०२७च्या जनगणनेत जात कशी लिहून घेणार हा एक, आणि ‘तुमची कुणबी नोंद सापडली का?’ हा दुसरा. मराठा घराण्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचं काम २०२३ मध्ये सुरू झालं आणि कपाटांत पडून असलेली दप्तरं बाहेर निघाली. कोतवाल बुकं (गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या), शाळांची जनरल रजिस्टरं, फेरफार यांचं स्कॅनिंग झालं, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय याद्या चढल्या. परवा बार्शीचा आतेभाऊ म्हणाला, “ताई, यादीत पणजोबांचं नाव नाही. विषय संपला.”

त्याचं ते वाक्य मला फार लागलं. यादी म्हणजे कुणीतरी जुनं पान वाचून नव्यानं उतरवलेलं नाव. वाचणारा कोण होता, त्यानं किती पानं वाचली, त्याचं वाचलेलं दुसऱ्या कुणी तपासलं का, हे विचारल्याशिवाय विषय कसा संपेल?

मी लेस्टरला राहते आणि इथल्या लोकांना जुन्या जनगणनांतून पूर्वज शोधायला मदत करते. इंग्लंडमध्ये घरोघरची जनगणनेची पानं १०० वर्षांनी खुली होतात. १९२१ची जानेवारी २०२२ मध्ये झाली. कोट्यवधी नावांत आपलं माणूस शोधायचं तर इंडेक्सशिवाय, म्हणजे पानांवरून उतरवलेल्या नावांच्या सूचीशिवाय, इलाज नाही. पण एकाच जनगणनेचे इंडेक्स वेगवेगळ्या लोकांनी केलेले असतात, आणि त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. १८८१च्या इंडेक्सला अजून मान आहे, कारण तो ठिकठिकाणच्या कौटुंबिक इतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी केला. आडनावं आणि खेडी ओळखीची असली की अर्धवट पुसलेलं अक्षरही लागतं. शिवाय एक पान दोन माणसांनी वेगवेगळं उतरवायचं, मग ताडून बघायचं, ही शिस्त होती. उलट, दूर कुठेतरी घाईघाईनं टाइप करून घेतलेल्या इंडेक्समध्ये गावांच्या नावांची दैना झालेली दिसते. अमेरिकेची १९५०ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, तेव्हा हस्ताक्षरं आधी यंत्रानं वाचली आणि मग माणसांनी तपासली. यंत्राला माझी हरकत नाही. तपासणारा माणूस मात्र हवाच.

एक गृहस्थ आजी शोधत होते. ती रेल्वेतल्या नोकरदाराची मुलगी, जन्म सोलापूरचा. १९०१च्या इंडेक्समध्ये ती काही सापडेना. आम्ही आडनाव सोडून दिलं आणि पहिलं नाव, वय, जन्म भारतात, एवढ्यावरच शोधलं. एक मुलगी निघाली, पण आडनाव भलतंच आणि जन्मगाव ‘लोलापूर’. मूळ पान उघडलं. प्रगणकाचं अक्षर तिरकं, घाईचं. त्याच पानावर खाली एक सॅम्युअल होता. त्याच्या नावातला इंग्रजी एस आणि गावातला ‘एल’ शेजारी ठेवून पाहिला, तर वळण हुबेहूब एकच. लोलापूरचं सोलापूर झालं आणि आडनावही त्याच रीतीनं सुटलं. दुसऱ्या कंपनीच्या इंडेक्समध्ये हीच ओळ बरोबर वाचलेली होती. म्हणून मी कुणालाही सांगते, एका इंडेक्सवर विसंबू नका, आणि मूळ पानाचं छायाचित्र दाखवत नाही तो इंडेक्स फार तर पत्ता समजा, पुरावा नव्हे.

आता आपल्याकडे बघा. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि कारकून शब्द आखडून, छोटे करून लिहितो. बार्शी ओलांडली की जुनी निजामाची हद्द. म्हणजे एकाच घराण्याची एक पाती मोडीत, दुसरी उर्दूत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांचं आणखी वेगळं: गड्डम एका रजिस्टरात गडम होतो, आणि भावाभावांची आडनावं जुळत नाहीत. मोडी वाचणारे मोजके, आणि त्यांच्यावर गठ्ठ्यांचा मारा. त्यांनी काढलेल्या नोंदीबद्दल मला कृतज्ञताच वाटते. पण एकाच नजरेखालून गेलेल्या दप्तरावर एखाद्या घराचं ‘नाही’ ठरू नये. प्रत्येक नोंदीशेजारी पानाचं छायाचित्र, दुसऱ्या वाचकाची तपासणी, आणि मूळ वाचन न पुसता दुरुस्ती सुचवायची सोय, एवढं मागायला हवं. घरी वाद झडतात ते कुणाची नोंद खरी यावर. ती वाचली कशी यावर मी कुणाला भांडताना ऐकलेलं नाही.

इकडचं सगळं आदर्श आहे असंही नाही. १९२१ची पानं घरबसल्या बघायला पैसे मोजावे लागतात. १९३१ची १९४२च्या आगीत जळून गेली, आणि युद्धामुळे १९४१ला गणती झालीच नाही. तरी जे उरलं ते नातवंडांना बघता येतं. १८८१ला सोलापुरातही शिरगणती झाली होती, तिथली ‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी सुरू होऊन चारच वर्षं झालेली. त्या गणतीचे आकड्यांचे तक्ते आपल्या हाती आहेत, माणसं नाहीत. १९४८च्या जनगणना कायद्याचं १५वं कलम घरोघरची नोंद कुणालाही पाहू देत नाही. हयात माणसांसाठी ते योग्यच आहे. आडनावावरून भाड्याची खोली नाकारली जाते अशा समाजात जातीचा रकाना उघडा टाकणं मला मान्य नाही. पण १०० वर्षांनीही नाही? २०२७ला नोंद मोबाइलवर टिपली जाणार आहे, ती जपणं आता अवघड नाही. ती जपावी आणि शतकानंतर खुली करावी, अशी तरतूद व्हावी. जातीच्या रकान्यावर एवढं बोलणाऱ्या आमदार-खासदारांनी हेही मांडावं.

आतेभावाला सांगितलंय, तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन आपल्या गावचं गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, बघायला मागायचं आणि मोडी जाणणारा माणूस सोबत न्यायचा. पणजोबांच्या भावांची नावं आत्याकडून लिहून घ्यायची, कारण एकाचं चुकलं असलं तरी दुसऱ्याचं बरोबर वाचलेलं असू शकतं. आणि जे पान निघेल त्याची नक्कल मला पाठवायची.