एनएफ-कप्पा-बी हा साधा खटका नव्हे
एनएफ-कप्पा-बी (पेशीतली जनुकं जागी करणारं प्रथिन) हा दाह आणि कर्करोग यांना जोडणारा खटका आहे, तो बंद केला की झालं, हे या विषयावरच्या एका लेखातलं विधान अर्धंच बरोबर आहे. जोडणारा, हे मान्य. खटका मात्र नाही. टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू पेशीला मिळाल्यावर आयकेके हे एन्झाइम एनएफ-कप्पा-बीला अडवून धरणाऱ्या आयकप्पाबी-अल्फा या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं, प्रोटिएसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) त्याचा फडशा पाडतो आणि मोकळा झालेला पी65 (एनएफ-कप्पा-बीचा एक घटक) साधारण अर्ध्या तासात केंद्रकात जमतो. तिथे तो लगेच जी जनुकं जागी करतो, त्यांत खुद्द आयकप्पाबी-अल्फाचं जनुक असतं! तयार झालेलं नवं प्रथिन पी65ला परत पेशीद्रवात ओढतं. उत्तेजन चालू राहिलं तर ही ये-जा सुमारे दर 100 मिनिटांनी होते. म्हणून लेखात 24 तासांनी एकच नमुना घेऊन, तोही अख्ख्या पेशीच्या अर्कातला एकूण पी65 वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पाहून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. प्रमाण फारसं बदलतच नाही, जागा बदलते. 0, 15, 30, 60 आणि 120 मिनिटांचे नमुने हवेत, केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून. शिवाय लॅमिन (केंद्रकातलं प्रथिन) आणि ट्युब्युलिन (पेशीद्रवातलं प्रथिन) यांच्या पट्ट्या दाखवा, नाहीतर भेसळ कळणार कशी?

आणि ‘बंद करा’ हा सल्ला तर धोक्याचा. उंदरांच्या आतड्याच्या अस्तरपेशींतून आयकेके-बीटा (आयकेकेचा एक घटक) काढल्यावर कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याच्या दाहामुळे) होणाऱ्या गाठी घटल्या. यकृतपेशींतून काढल्यावर रसायनाने होणारा यकृताचा कर्करोग उलट वाढला, कारण जास्त पेशी मेल्या आणि उरलेल्या भरपाईसाठी विभागत राहिल्या.