हॅलो म्हणू नका, मोडेम आहे तो

कॉम्प्युटरला फोन उचलायला शिकवणं काही कठीण नाही हो, कठीण आहे ते घरातल्या माणसांना फोन न उचलायला शिकवणं. १९९९ साल. फोंड्याचे एक काजूवाले शेठ, गोडाऊन पेडण्याला, आणि रोजचा स्टॉक फ्लॉपीत भरून कदंब बसच्या कंडक्टरच्या हातात. शेठ म्हणाले, "बाबा, एवढा फोन आहे तर त्यातूनच पाठव की." झालं. जुना ४८६ कॉम्प्युटर होता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि डायल-इन सर्व्हर करायला घेतला, म्हणजे पेडण्याच्या मशीनने फोन लावायचा आणि फोंड्याच्या मशीनने तो उचलून त्याला आत घ्यायचं, बस्स.

त्याला हवा मोडेम, कॉम्प्युटरची माहिती आवाजात बदलून फोनवरून पाठवणारा. दुकानदाराने आधी दिला विनमोडेम, म्हणजे निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलणारा, लिनक्सने त्याला साधी ओळखही दाखवली नाही. मग बाहेर ठेवायचा आणला, लाल दिव्यांच्या रांगेवाला. एमगेटी बसवलं, म्हणजे फोन उचलणारा प्रोग्रॅम, त्याच्या लॉगिन.कॉन्फिग फाईलमधल्या ऑटोपीपीपीच्या ओळीपुढचा हॅश काढून ती चालू केली, पीपीपीला, म्हणजे फोनवरून दोन मशीन जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन आयपी पत्ते दिले, एक घरचा एक पाहुण्याचा, आणि लागलं की राव! कनेक्ट २६४००, म्हणजे सेकंदाला २६.४ किलोबिट.

शेठनी चष्मा वर केला. "खोक्यावर ५६ लिहिलंय ना रे?"

आता व्ही.९०चे, म्हणजे मोडेमच्या त्या मानकाचे, ५६ किलोबिट कधी मिळतात तर समोरची बाजू एक्स्चेंजला डिजिटल जोडलेली असेल तेव्हाच, दोन साध्या लाईनींत फार तर ३३.६, आणि वर आमचा जुलैचा पाऊस. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दुकानदाराने फसवलं हे मत कायम ठेवलं.

पण खरी गंमत पुढे, कारण लाईन एकच. गिऱ्हाईकाचा फोन आला की हिशेबनीस काका खुर्चीतून उठेपर्यंत मशीन उचलून मोकळं. दोडामार्गच्या एका बागायतदाराने ती शिट्टी, खरखर आणि किंकाळी ऐकली आणि शेठना काय झालं म्हणून बिचारा पुढची बस पकडून हजर! म्हणून एमगेटीत रिंगा पाचवर नेल्या, आधी माणसं मग मशीन. तर आता पेडण्याचा कॉल काकाच उचलायला लागले. "हॅलो... कोण? हॅलो... बोलत नाही मेला!" आणि रिसीव्हर दाणकन खाली. त्यातून चुकून लागलाच, तर वरच्या मजल्यावर कोणीतरी त्याच लाईनीचा पॅरलल फोन उचलायचं, मोडेमवरचा सीडीचा, म्हणजे जोडणी टिकून असल्याचा, दिवा फट्कन विझायचा, निम्मी फाईल पोचलेली, करा परत पहिल्यापासून.

शेवटी पेडण्याच्या मशीनला रात्री दोनला डायल करायला लावलं, त्या वेळी काजू कोण मागणार? पण अपरात्री फोन वाजला म्हणजे कोणाचं तरी बरंवाईट झालं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. शेठची आई दचकून उठली, फोन उचलेपर्यंत मशीननेही उचललेला, कानात किंकाळी. सावंतवाडीच्या भावाच्या नावाने तिने सगळं घर उठवलं. मग रात्रीपुरती रिंग एकवर आणली, पण एकदाच वाजून गप्प होणारी ती रिंग म्हातारीला जास्तच वाईट वाटायची. वेगळ्या लाईनीसाठी अर्ज दिला म्हणा, पण तोवर ती रोज सकाळी चहा पुढे ठेवून मला विचारायची, "रात्री परत आला होता रे पेडण्याचा फोन. सगळं बरं आहे ना तिथे?"

"हो आजी, पोतं नि पोतं जुळलं."