वेणी उकलायची असते

परवा पार्लरमधली मुलगी म्हणाली, "मॅम, वेणी ओपन करू?" म्हटलं, दुकान ओपन करतात गं, वेणी उकलतात. ती हसली. "उकल म्हणजे ते खुनाची उकल होते, ते ना?"

हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. म्हणजे हे क्रियापद आता पोलिसांच्या बातम्यांपुरतंच उरलंय!

हल्ली सगळे वेणी 'सोडतात'. चूक नाही म्हणणार, पण मला खटकतं. एसटी सोडतात, सिगरेट सोडतात, बायकोसुद्धा सोडतात. हात काढून घेतला की सोडलं. उकलायला हात घालावा लागतो.

रविवारी न्हाण्याआधी आजी मला पुढ्यात घेऊन बसायची. शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी आईने रिबिनीची गाठ अशी आवळलेली असायची की ती नखाने निघायची नाही, मग आजी दात लावायची. मग शेंड्याकडून वर. शेंड्याला पेड बारीक आणि घट्ट, वरून ओढलं की खाली गुंता ठरलेला. एक पेड दुसऱ्याखालून काढायचा, मधून बोटं फिरवायची, मग पुढचा. सगळं उकलून झालं तरी केसांची नागमोडी वळणं तशीच राहायची.

तिन्हीसांजेला मात्र तीच आजी ओरडायची, "केस सोडून फिरू नकोस!" म्हणजे उकलायची ती वेणी, सोडायचे ते केस. शुभ-अशुभ मी मानत नाही, पण भाषेतला हा काटेकोरपणा मला हवाय. शिवण उसवते, घडी उलगडते, भांडणात वेणी विस्कटते. सगळ्याला एकच 'ओपन' कसं पुरेल?

नद्यांचंही असंच. प्रयागला त्रिवेणी संगमावर आपल्याकडची जोडपी वेणीदान करतात. नवरा बायकोची वेणी घालतो आणि शेंड्याचे थोडे केस कापून गंगेला वाहतात. प्रयाग ही युक्तवेणी. आणि खाली बंगालमध्ये, हुगळी जिल्ह्यातल्या त्रिवेणीला प्रवाह पुन्हा वेगळे होतात, म्हणून ती मुक्तवेणी. गंगेची वेणीसुद्धा शेंड्याकडूनच उकलते बघा, अगदी आजीच्या पद्धतीने.

हे सगळं काल लेकीला ऐकवत होते. ती म्हणाली, "आई, क्लासला उशीर होतोय," आणि रबर केसांसकट ओढून काढला. आता तो गुंता सोडवत बसलेय.