वॉटकिन्स ग्लेनचा ट्रॅक 1948 चा नाही : एक खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय : 'अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेन या खेड्याने 1948 मध्ये श्रमदानातून रेसिंग ट्रॅक बांधला आणि त्यावर वीस वर्षं फॉर्म्युला वन झाली.' यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे.

1948 मध्ये तिथे ट्रॅकच नव्हता. कॅमेरॉन आर्गेटसिंगर या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने 2 ऑक्टोबरला शर्यत झाली ती गावाच्या रोजच्या रस्त्यांवर, सुमारे 10.6 किलोमीटरच्या फेरीत. वाटेत दगडी पूल होता आणि रेल्वे फाटकही. शर्यतीसाठी चक्क रेल्वेगाड्या थांबवल्या होत्या! गावकऱ्यांचा उत्साह खराच, त्याबद्दल वाद नाही.

1952 मध्ये गाडी प्रेक्षकांना धडकून सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर शर्यत गावातून हलली आणि डोंगरावरच्या रस्त्यांवर सुमारे 7.4 किलोमीटरची फेरी आखली गेली. स्वतंत्र, कायमचा ट्रॅक आला तो 1956 मध्ये, अवघ्या 3.7 किलोमीटरचा. फेरीची लांबी दोनदा बदलली, यावरूनच हे तीन वेगळे मार्ग असल्याचं कळतं. फॉर्म्युला वन 1961 ते 1980 या काळात झाली, तीही या कायमच्या ट्रॅकवर. 1971 मध्ये तो वाढवला गेला.

त्यामुळे 1948 चा उल्लेख असलेला तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आधीच टाकला असेल, तर त्याखाली हा खुलासा जोडा.